पिचरचा हात वर्षभर मोजायचा असतो

नमस्कार मंडळी. दर वर्षी फेब्रुवारी आला की इथे टेक्सासमध्ये कुठल्याही कॉलेजच्या बेसबॉल टीमबद्दल एकच बोलणं सुरू होतं, बॅटिंग ठीक आहे, फील्डिंग पण जमून जाईल, पण पिचिंगचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचं, काय करायचं, सगळी पोरं नवीन, तीन-चार फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाची, एकाचं मागच्या वर्षी ऑपरेशन झालेलं, एक दुसऱ्या कॉलेजातून आलेला, आणि मग सीझन सुरू होऊन पंधरा दिवस होत नाहीत तोवर कोणीतरी कोपर धरून माउंडवरून, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावरून, खाली उतरतो. दुसऱ्या दिवशी बातमी येते, एमआरआय झाला, सीझन संपला. फॅन्स हळहळतात, कोचच्या नावाने बोटं मोडतात, आणि पुढच्या वर्षी परत तेच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ह्यूस्टनमध्ये बरीच वर्षं थ्रो करणाऱ्या मुलांचे खांदे आणि कोपरं बघते, आणि आता आपल्या मराठी घरांतली मुलं पण हायस्कूलला पिचिंग करायला लागलीत, काहींना कॉलेजच्या ऑफर येतायत, म्हणून मंडळाने मला ह्या विषयावर बोलायला सांगितलं. मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते. कॉलेजमध्ये पोराचा हात गेला की सगळे कॉलेजच्या कोचकडे बघतात, पण मी जे हात बघते त्यांची झीज आधीपासून सुरू झालेली असते, चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून, आणि कॉलेजचं पहिलं वर्ष असं असतं की त्यात ते सगळं एकदम बाहेर पडतं. त्यामुळे एका मॅचमध्ये किती पिच, म्हणजे किती चेंडू, टाकले एवढं मोजून भागत नाही. वर्षभराचा हिशोब लागतो, आणि तो हिशोब आज कोणाकडेच नाहीये, कोचकडे नाही, मुलाकडे नाही, आणि रागवू नका, पण आईबापाकडेही नाही.

आधी कोपरात काय होतं ते बघू. करंगळीच्या बाजूने मनगटापासून वर हात फिरवत आलात तर कोपराच्या आतल्या अंगाला एक टोकदार हाड लागतं, ते लागलं का सगळ्यांना, हां, त्या हाडापासून खालच्या हाडापर्यंत एक छोटा पट्टा असतो, तेच ते यूसीएल नावाचं लिगामेंट. पिचर हात मागे नेऊन पुढे फेकायला लागतो त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडायला बघतं आणि हा पट्टा ते धरून ठेवतो. प्रयोगशाळेत मोजलंय लोकांनी, प्रोफेशनल दर्जाच्या पिचमध्ये कोपरावर साधारण ६४ न्यूटन-मीटर एवढा पीळ येतो, आणि मृतदेहाच्या कोपरातलं नुसतं लिगामेंट घेऊन ताणलं तर ते ३२ च्या आसपासच तुटतं. म्हणजे हिशोबाने पाहिलं तर प्रत्येक फास्टबॉलला, म्हणजे पूर्ण वेगाच्या चेंडूला, ते तुटायला पाहिजे! तुटत नाही कारण त्याच्या वरून जाणारे पुढच्या हाताचे स्नायू, बोटं आणि मनगट वाकवणारे, ते अर्धं ओझं उचलतात. आता हे स्नायू थकले की काय होणार ते सांगायला डॉक्टर लागत नाही. ओझं सगळं लिगामेंटवर. आणि ते एका झटक्यात जातं असं लोकांना वाटतं पण तसं फार कमी वेळा होतं, जुन्या दोरीचे पीळ जसे एकेक करून उसवत जातात तसं ते महिनोन्महिने उसवत असतं आणि शेवटचा पीळ कुठल्यातरी साध्या मंगळवारच्या मॅचमध्ये सुटतो.

माझ्याकडे मुलगा येतो तेव्हा मी पहिल्यांदा त्या हाडाच्या जरा खाली, स्नायूच्या मुळाशी अंगठ्याने दाबते. मागच्या दोन-तीन दिवसांत पिचिंग झालं असेल तर ती जागा थोडी कडक असणारच, ते नॉर्मल आहे. पण चार दिवस विश्रांती झालीये आणि तरी ती जागा दगडासारखी, आणि बोटं आवळ म्हटलं की पकड दुसऱ्या हातापेक्षा हलकी, तर मी सावध होते. मग कोपर थोडं वाकवून बाहेरच्या बाजूला हळूच ताण देते आणि मुलाच्या चेहऱ्याकडे बघते, हाताकडे बघतच नाही. बाप शेजारी बसलेला असतो. मुलगा छताकडे बघत म्हणतो, ठीक आहे, जरा टाइट आहे एवढंच. सतरा वर्षांचा मुलगा, शनिवारी शोकेस आहे, तिथे कॉलेजचे कोच येणार आहेत, तो दुसरं काय म्हणणार?

आणि इथेच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. अलाबामातल्या बर्मिंगहॅमला डॉ. जेम्स अँड्र्यूज आणि ग्लेन फ्लायसिग ह्यांच्या ग्रुपने २००६ मध्ये एक अभ्यास छापला, ऑपरेशन झालेले तरुण पिचर आणि ठणठणीत असलेले पिचर ह्यांची तुलना. वर्षातले आठ महिन्यांपेक्षा जास्त पिचिंग करणाऱ्यांना ऑपरेशनचा धोका पाचपट, मॅचमध्ये सरासरी ८० च्या वर पिच टाकणाऱ्यांना चौपट. आणि हात थकलेला असताना नेहमी पिचिंग करणाऱ्यांना? ३६ पट. छत्तीस! मी हा आकडा प्रत्येक पालकाला सांगते, कारण बाकीच्या दोन गोष्टी बाहेरून मोजता येतात, कॅलेंडर बघा, स्कोअरबुक बघा, पण थकवा फक्त त्या मुलाला कळतो आणि त्याने तो सांगावा लागतो. ज्या टीममध्ये, ज्या घरात, थकलोय म्हणणाऱ्या मुलाला कमजोर समजतात तिथे तो सांगणार नाही, तो दुखणं अंगावर काढणार. आपल्याकडे तर त्याचं कौतुक पण होतं, किती सहनशील आहे पोरगा म्हणून.

बाहेरून बघणाऱ्याला काही खुणा दिसतात, त्या सांगते, स्टँडमध्ये बसलेल्या आई पण बघू शकतात. उजव्या हाताचा पिचर असेल तर त्याचा फास्टबॉल वर आणि स्वतःच्या उजव्या बाजूला सुटायला लागतो, एक-दोन नाही, सारखे. दोन पिचच्या मध्ये तो हात झटकतो, बोटं उघडतो मिटतो. आधी बारा सेकंदांत पुढचा पिच टाकणारा आता टोपी काढतो, बूट झाडतो, वेळ काढतो. कोपर खांद्याच्या रेषेच्या खाली उतरायला लागतं. वेग कमी झाला तरच थकला असं समजू नका, कारण तरुण मुलगा थकल्यावर सगळं अंग झोकून वेग टिकवतो, रेडार गनवर ताशी ९३ मैल दिसत राहतं आणि त्याची किंमत कोपर मोजत असतं.

ऑपरेशनबद्दल थोडं बोलते. २५ सप्टेंबर १९७४ ला डॉ. फ्रँक जोब ह्यांनी डॉजर्स ह्या प्रोफेशनल टीमचा पिचर टॉमी जॉन ह्याच्या डाव्या कोपरात दुसऱ्या हाताच्या मनगटातला एक टेंडन काढून बसवला, तोवर हे लिगामेंट गेलं की करिअर संपलं. टॉमी जॉन १९७६ ला परत आला, १९८९ पर्यंत खेळला, २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे. फार मोठी गोष्ट झाली ती. पण त्याचा एक उलटा परिणाम असा झाला की लोकांना वाटायला लागलं, ऑपरेशन म्हणजे हात नवा करून मिळतो, वर वेग वाढून मिळतो. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये एक सर्व्हे छापला, त्यात हायस्कूलच्या निम्म्याहून थोड्या जास्त खेळाडूंना आणि ३७ टक्के पालकांना वाटत होतं की कोपराला काही झालेलं नसताना पण खेळ सुधारण्यासाठी हे ऑपरेशन करायला हरकत नाही. काही झालेलं नसताना! परत येणाऱ्या पिचरचा वेग वाढलेला दिसतो तो वर्षभर केलेल्या पायांच्या, कंबरेच्या, खांद्याच्या व्यायामाने वाढलेला असतो, तो व्यायाम ऑपरेशनशिवाय पण करता येतो. आणि वर्ष ते दीड वर्ष जातं त्यात, काहींचं त्याहून जास्त. कॉलेजच्या चार वर्षांतलं दीड वर्ष म्हणजे किती ते तुम्हीच बघा.

आता वयाचं. २००७ ते २०११ ह्या काळात अमेरिकेत झालेल्या अशा ऑपरेशन्सची माहिती एका अभ्यासात गोळा केली होती, त्यात ५६ टक्क्यांहून जास्त पेशंट १५ ते १९ वर्षांचे निघाले. प्रोफेशनल नाहीत, पोरं! ह्याचं कारण काय तर मेजर लीगने, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या प्रोफेशनल लीगने, डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच एक मोठा रिपोर्ट काढला, दोनशेच्या वर जाणकारांशी बोलून, आणि त्यात तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात, वेगाच्या मागे लागणं, चेंडू जास्तीत जास्त वळवायच्या मागे लागणं, आणि प्रत्येक पिच पूर्ण ताकदीने टाकणं. मेजर लीगमधला सरासरी फास्टबॉल २००८ मध्ये ताशी ९१.३ मैलांचा होता तो २०२४ मध्ये ९४.२ झाला. मेजर आणि तिच्या खालच्या मायनर लीग मिळून ह्या लिगामेंटची ऑपरेशन्स २०१० मध्ये १०४ होती ती २०२४ मध्ये २८१. आणि वर जे चालतं ते खाली झिरपतं, कॉलेजचा कोच ९५ टाकणारा शोधतो म्हणून शोकेसवाला रेडार गन लावतो, म्हणून चौदा वर्षांचा मुलगा जड चेंडू घेऊन गॅरेजमध्ये भिंतीवर मारत बसतो. त्याच्या कोपरातलं हाड अजून वाढतंय, वाढीची जी कूर्चेची जागा असते ती अजून बंद झालेली नाही, हे त्याला कोण सांगणार.

ठोस उदाहरण घेऊ, आपल्या शेजारच्या लुइझियानाचं. २०२३ चा सीझन सुरू होताना एलएसयूची, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीची, टीम देशात पहिल्या नंबरवर धरली होती. जे जॉन्सन हेड कोच, पिचिंग कोच वेस जॉन्सन थेट मेजर लीगच्या मिनेसोटा ट्विन्समधून आलेला, एअर फोर्स अकॅडमीतून पॉल स्कीन्स हा पिचर आलेला, पैसा, सोयी, डेटा कशाची कमी नाही. तरी सीझनच्या आधीच ग्रँट टेलरचं कोपर गेलं. एप्रिलमध्ये चेस शोर्स गेला, फ्रेशमन, सहा फूट आठ इंच उंच, अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा नव्वदच्या वरच्या टोकाला चेंडू टाकणारा. त्याच सुमाराला गॅरेट एडवर्ड्स. तीन हात, तिघांचंही तेच लिगामेंट, आणि सीझन अर्ध्यावर. मे महिन्यात बुलपेनमधून, म्हणजे मॅचच्या मधे येणाऱ्या राखीव पिचर्समधून, कोण येणार ह्याची तिथे रोज चिंता होती, हातातल्या मॅच शेवटच्या इनिंगमध्ये जात होत्या.

आणि तरी ते जिंकले! कॉलेज वर्ल्ड सिरीज जिथे होते त्या ओमाहाला २२ जूनला वेक फॉरेस्टविरुद्ध स्कीन्सने आठ इनिंग टाकल्या, १२० पिच, एक रन नाही, अकराव्या इनिंगला टॉमी व्हाइटच्या होमरनने मॅच २-० सुटली. मग फायनलच्या पहिल्या मॅचमध्ये टाय फ्लॉइडने फ्लोरिडाचे १७ जण स्ट्राइकआउट केले, दुसरी मॅच २४-४ अशी हरले, आणि तिसरी १८-४ जिंकून कप घेऊन घरी. स्कीन्सचे त्या सीझनला २०९ स्ट्राइकआउट झाले, बेन मॅकडॉनल्डचा १९८९ चा २०२ चा एसईसी म्हणजे त्यांच्या कॉलेजांच्या गटाचा रेकॉर्ड मोडला. सगळ्यांना हेच आठवतं, आठवायलाच पाहिजे, फार सुंदर बेसबॉल होतं ते. पण मला त्या वर्षातलं दुसरं पण आठवतं. चेस शोर्स २०२४ चा पूर्ण सीझन खेळला नाही. तो माउंडवर परत आला तो २०२५ मध्ये, आणि त्या जूनमध्ये ओमाहाला कोस्टल कॅरोलिनाविरुद्ध फायनलचे शेवटचे आउट त्यानेच घेतले. ग्रँट टेलरने कॉलेजसाठी परत एकही पिच टाकला नाही, त्याला व्हाइट सॉक्स ह्या प्रोफेशनल टीमने तसाच ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतला आणि तो २०२५ मध्ये मेजर लीगला पोचला. दोघांचं चांगलं झालं, मला मनापासून आनंद आहे. पण ही दोन नावं आपल्याला ठाऊक आहेत कारण ती परत आली. जी आली नाहीत त्यांची नावं तुम्ही-मी घेत नाही.

आणि स्कीन्सबद्दल एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. तो एअर फोर्सला होता तेव्हा पिचर पण होता आणि कॅचर पण, बॅटिंग पण करायचा. नुसता पिचर म्हणून त्याने लहानपणापासून हात झिजवला नव्हता. एवढ्यावरून नियम काढता येत नाही हे मला कळतं, एका माणसाचं उदाहरण आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये ज्याने सोळाव्या वर्षापर्यंत बास्केटबॉल, पोहणं, काहीतरी दुसरं केलंय त्याचा खांदा हाताला वेगळा लागतो.

आपल्या ह्यूस्टनचं पण उदाहरण आहे, जुनं. राईस युनिव्हर्सिटीने २००३ ला कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकली आणि २००४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या आठ नावांत त्यांचे तीन पिचर, फिलिप हंबर तिसरा, जेफ नीमन चौथा, वेड टाउनसेंड आठवा. असं आधी कधी झालं नव्हतं. पुढे तिघांच्याही हातावर ऑपरेशन झालं, हंबर आणि टाउनसेंडच्या कोपरावर, नीमनच्या खांद्यावर. हंबरने २०१२ मध्ये मेजर लीगला परफेक्ट गेम, म्हणजे एकही बॅटर बेसवर न पोचलेली मॅच, टाकला, टाउनसेंड मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. मी राईसला दोष देत नाहीये, तिघं एका टीमचे म्हणून कारण एकच असं म्हणणं सोपं आहे पण सिद्ध करणं अवघड. आणि टेक्सासचा ऑस्टिन वुड तर तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, ३० मे २००९, बोस्टन कॉलेजविरुद्ध २५ इनिंगची मॅच, रिलीव्हर म्हणजे मधे येणारा पिचर म्हणून आला आणि १३ इनिंग टाकून गेला, १६९ पिच, आणि आदल्या दिवशी पण टाकलेलं. स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. आज कुठलाही कोच असं करणार नाही, एवढी सुधारणा नक्की झाली आहे, मॅचमधले पिच सगळे मोजतात.

पण मोजतात ते फक्त मॅचमधले! फ्लोरिडातल्या हायस्कूल पिचर्सवर २०१८ मध्ये एक अभ्यास आला, त्यांनी मॅचच्या दिवशी मुलाने टाकलेला प्रत्येक पिच मोजला, बुलपेनमधला, प्रत्येक इनिंगच्या आधीच्या वॉर्म-अपमधला, सगळा, तर साधारण ४२ टक्के पिच कुठल्याच मोजणीत येत नाहीत असं निघालं. स्कोअरबुकात ७५ लिहिलंय म्हणजे हाताने १३० च्या आसपास टाकलेत. त्यात मधल्या इनिंगमध्ये तो शॉर्टस्टॉप ह्या फील्डिंगच्या जागेवर उभा होता ते थ्रो वेगळे.

आता फ्रेशमनचं वर्ष कसं जातं ते सविस्तर सांगते कारण सगळी गोम तिथे आहे. मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला फेब्रुवारीत खेळायला लागतो. मेपर्यंत शाळेची टीम. जून-जुलै ट्रॅव्हल बॉल म्हणजे गावोगावच्या टूर्नामेंट, शोकेस. ऑगस्टमध्ये कॅम्पस. सप्टेंबर-ऑक्टोबर फॉल प्रॅक्टिस, आणि ही प्रॅक्टिस नावाची, खरं तर रोजची परीक्षा, कारण जागा कोणाला मिळणार ते तिथेच ठरतं, त्यामुळे नवीन मुलगा पहिल्या दिवसापासून पूर्ण जोर लावतो. डिसेंबरात घरी. जानेवारीच्या मध्याला परत, आणि फेब्रुवारीच्या मध्याला पहिली मॅच, म्हणजे चार-पाच आठवड्यांत हात शून्यावरून शंभरावर. मग ५६ मॅचचा सीझन, शुक्र-शनि-रवि सिरीज आणि मधे मंगळवारी एक, टीम चांगली असेल तर जून अखेरपर्यंत. शेवटच्या वर्षाच्या फेब्रुवारीपासून मोजलं तर सोळा-सतरा महिने झाले, आणि ह्यात सलग दोन महिने चेंडूला हात लावला नाही असा काळ दाखवा मला.

हे नुसतं दिवसांचं झालं, जोराचं वेगळंच. हायस्कूलला खालच्या नंबरच्या बॅटरला तो ऐंशी टक्के जोरावर आउट करू शकत होता, कॉलेजला नववा बॅटर पण ऐंशी टक्क्यांचा चेंडू भिंतीबाहेर मारतो, म्हणजे प्रत्येक पिच पूर्ण जोराने. वर नवीन जिम, नवीन खाणं, चार महिन्यांत दहा-बारा पाउंड वजन वाढतं, वेग दोन-तीन मैलांनी वाढतो, घरी व्हिडिओ येतो, आजी-आजोबांना पाठवला जातो. स्नायू काही आठवड्यांत वाढतो हो, पण लिगामेंट आणि टेंडन फार सावकाश जुळवून घेतात, त्यांना महिने लागतात. इंजिन मोठं झालं आणि बिजागरी तीच राहिली. वर नवीन कोच नवीन स्लायडर म्हणजे आडवा वळणारा चेंडू शिकवतो, पकड बदलते, रोज तोच पिच पन्नासदा.

आणि मग भूमिका बदलते. ह्यूस्टनच्याच शाळेतून गेलेला टॅनर विट २०२१ ला टेक्सासकडून फ्रेशमन म्हणून बुलपेनमधून खेळला, छान खेळला, २०२२ ला स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर, झाला आणि सीझनच्या सुरुवातीलाच कोपराचं ऑपरेशन. अशी उडी प्रत्येकाला बाधत नाही. पण टीममध्ये एकाला दुखापत झाली की त्याच्या इनिंग्स कोणीतरी टाकाव्या लागतात, आणि त्या जातात सगळ्यात कमी तयारी झालेल्या हाताकडे, मग तो जातो, मग त्याच्या इनिंग्स पुढच्याकडे. तरुण पिचिंग स्टाफची खरी भीती ही आहे. एक जुना, तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा पिचर असला ना टीममध्ये, की तो नुसता मॅच जिंकत नाही, तो मंगळवारी ६० पिच टाकून दोन पोरांचे हात वाचवतो. आता बऱ्याच मोठ्या कॉलेजांत रोस्टर, म्हणजे टीममधल्या खेळाडूंची मर्यादा, ३४ वर आलंय, ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलायच्या सोयीमुळे, दर वर्षी निम्मी टीम नवी, असा माणूस टिकणं अवघड झालंय. त्यावर मी जास्त बोलत नाही, तो माझा विषय नाही.

एनसीएएचा, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेचा, दिवसाला अमुक पिच असा सक्तीचा नियम नाहीये, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हायस्कूलला २०१७ पासून प्रत्येक राज्याला पिचची मर्यादा ठेवावीच लागते. कॉलेजला सगळं कोचच्या हातात. २०१४ मध्ये यूएसए बेसबॉल आणि मेजर लीगने मिळून पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १७-१८ वयाला दिवसाला १०५, १९ ते २२ ला १२०, आणि ८० च्या वर गेलात तर किमान चार दिवस पिचिंग नाही. चांगलं आहे ते, पाळा. पण १०५ ही सीमा आहे, तिथपर्यंत जायलाच पाहिजे असं नाही, फॉलमध्ये आलेल्या फ्रेशमनला पहिल्या महिन्यात ४५ पण जास्त होऊ शकतात.

मग करायचं काय. आपण बुमराहच्या वर्कलोडवर जेवणाच्या टेबलावर तासभर वाद घालतो, त्याने कुठली टेस्ट खेळावी, किती ओव्हर टाकाव्या, पाठीचं काय, पण स्वतःच्या मुलाने ह्या महिन्यात किती पिच टाकले ते विचारलं तर सांगता येत नाही. एक साधी वही घाला किंवा फोनवर शीट करा. रोज तीन गोष्टी, किती थ्रो झाले अंदाजे, किती जोरात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा वाटला, एक ते दहा. सगळं मुलानेच लिहायचं, तुम्ही बाजूला. आठ आठवड्यांत एक चित्र दिसायला लागतं आणि कॉलेजला जाताना ती वही तो बरोबर नेऊ शकतो, तिथल्या ट्रेनरच्या, म्हणजे टीमच्या दुखापती बघणाऱ्या माणसाच्या, हातात देऊ शकतो. चांगल्या ट्रेनरला ह्याचं किती मोल वाटतं ते मी बघितलंय, कारण नवीन मुलगा येतो तेव्हा त्याच्याकडे फक्त उंची, वजन आणि वेग एवढंच असतं.

कॉलेज बघायला जाल तेव्हा स्टेडियम दाखवतील, लॉकर रूम दाखवतील, तिथे फोटो काढा, पण कोचला हे पण विचारा की मागच्या तीन वर्षांत तुमच्या पिचर्सपैकी किती जणांची कोपराची किंवा खांद्याची ऑपरेशन्स झाली, फ्रेशमन आल्यावर पहिले सहा आठवडे तो काय करतो, आणि एखाद्या दिवशी तो म्हणाला की आज हात बरा नाही तर पुढे काय होतं, कोणाला सांगायचं, कोचला की ट्रेनरला. उत्तर देताना कोच त्या ट्रेनरचं नाव घेऊन बोलला तर मला बरं वाटतं. ट्रेनरचा शब्द कोचच्या वर चालतो का हे महत्त्वाचं.

मघाशी एक वहिनी विचारत होत्या की त्यांचा मुलगा एका कॉलेजला पहिल्या वर्षाला आहे, डिसेंबरात घरी येईल, तेव्हा त्याला पूर्ण आराम द्यायचा की प्रॅक्टिस करू द्यायची. चांगला प्रश्न आहे कारण फेब्रुवारीतल्या बऱ्याच दुखापतींचं मूळ त्या चार आठवड्यांत असतं. फॉल संपल्या-संपल्या, म्हणजे नोव्हेंबरात, विश्रांती हवी, चेंडू बाजूला. डिसेंबरात मात्र पूर्ण बंद ठेवलं आणि जानेवारीत एकदम माउंडवर उभं केलं तर ते सगळ्यात वाईट. येताना त्याने कोचकडून लेखी थ्रोइंग प्रोग्रॅम आणावा, कुठल्या आठवड्यात किती फुटांवरून किती थ्रो, किती जोर, माउंडवर कधी. तो नसेल तर ट्रेनरला ईमेल करून मागावा, मागायला संकोच नको. आणि त्याला कॅच खेळायला कोणीतरी लागेल, सकाळी पार्कमध्ये अर्धा तास. सुरुवातीच्या आठवड्यांत ६० फुटांवरून हलके थ्रो असतात, ते बाबांना झेलता येतात, ग्लोव्ह तेवढा चांगला घ्या. ९० फुटांच्या पुढे गेलं की त्याच्या शाळेतल्या जुन्या मित्राला बोलवा, आणि सकाळी हात कसा वाटला ते लिहून झाल्याशिवाय दुसऱ्या दिवशीचा पहिला थ्रो नाही.